विंडोज १२ कधी येणार? अफवांमधलं खरं किती आणि जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं?

विंडोज १२ लवकरच येतंय, त्यासाठी दरमहा पैसे भरावे लागतील, जुने कॉम्प्युटर त्यावर चालणारच नाहीत, अशा पोस्ट आणि रील गेली तीन-चार वर्षं फिरत आहेत. वर्ष बदलतं, मजकूर तोच राहतो. २०२५ संपेपर्यंत तरी मायक्रोसॉफ्टने विंडोज १२ नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमची घोषणा केलेली नाही. नाव, तारीख किंवा किंमत यातलं काहीही कंपनीने जाहीर केलेलं नाही.

अफवा खोटी असली तरी तिचा परिणाम खरा असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. अमरावतीतलं सेवा केंद्र असो, अकोल्यातलं डीटीपीचं दुकान असो की अचलपूर-अकोटमधल्या विद्यार्थ्याचा घरचा पीसी, जुना कॉम्प्युटर असलेल्या प्रत्येकापुढे एकच प्रश्न आहे: आत्ता खर्च करायचा, की विंडोज १२ ची वाट पाहायची? वाट पाहताना कॉम्प्युटर सुरक्षा अपडेटशिवाय चालत राहतो. घाई केली तर गरज नसलेला खर्च अंगावर येतो. म्हणून आधी जे नक्की आहे ते पाहू, मग अफवांकडे वळू.

नक्की ठरलेल्या तारखा कोणत्या?

विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ ला. विंडोज ११ ची घोषणा २४ जून २०२१ ला झाली आणि ते ५ ऑक्टोबर २०२१ पासून मिळू लागलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपेल हे मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर आधीपासूनच दिलेलं होतं.

सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नाही. विंडोज १० सुरू होतं, फाइल उघडतात, प्रिंट निघते. फक्त नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवणारी सुरक्षा अपडेट येणं थांबतं. घराचं दार तेच, पण कुलूप बिघडलं तर दुरुस्त करणारा कोणी नाही, अशी ती अवस्था.

मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे. ईएसयू नावाच्या या योजनेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. विंडोज ११ च्याही आवृत्त्यांना स्वतंत्र मुदत असते. होम आणि प्रो प्रकारांत २४एच२ या आवृत्तीची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तर २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. पुढच्या आवृत्तीवर जाण्यासाठी पैसे लागत नाहीत.

मग विंडोज १२ ची चर्चा आली कुठून?

या अफवांचा उगम बहुतेक वेळा एखाद्या खऱ्या गोष्टीत असतो. पुढे ती गोष्ट हातोहात फुगत जाते.

पहिला उगम म्हणजे चाचणी आवृत्त्या. २०१४ पासून विंडोज इनसायडर ही योजना चालू आहे. तीत नाव नोंदवलेल्यांना अर्धवट तयार विंडोज आधी वापरायला मिळतं. अशा आवृत्तीच्या आतल्या फाइल उकलून हौशी मंडळी नवी नावं आणि लपलेले पर्याय शोधतात. त्यातल्या कित्येक गोष्टी लोकांपर्यंत कधी पोहोचतच नाहीत.

दुसरा उगम म्हणजे सांकेतिक नावं. 'हडसन व्हॅली' हे असंच एक नाव. २०२३ मध्ये हेच विंडोज १२ असेल आणि ते २०२४ मध्ये येईल, अशी जोरदार चर्चा होती. १ ऑक्टोबर २०२४ ला प्रत्यक्षात आलं ते विंडोज ११ चंच २४एच२ हे वार्षिक अपडेट.

तिसरा उगम म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची विधानं. सप्टेंबर २०२३ मध्ये इंटेलचे वित्तप्रमुख डेव्हिड झिन्सनर यांनी गुंतवणूकदारांपुढे बोलताना २०२४ मध्ये विंडोजमध्ये होणाऱ्या बदलामुळे पीसीची विक्री वाढेल, असा अंदाज मांडला. त्यांनी विंडोज १२ असं नाव घेतलं नव्हतं. बातम्यांच्या मथळ्यांत मात्र ते आलं.

चौथा उगम चित्रांचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इग्नाइट परिषदेत एका स्क्रीनवर क्षणभर वेगळ्याच रचनेचं विंडोज दिसलं. टास्कबार खालच्या कडेपासून सुटा, तरंगता होता. तो एक कच्चा नमुना होता. पण तेव्हापासून विंडोज १२ चा 'लूक' म्हणून तशी शेकडो चित्रं तयार झाली. यूट्यूबवर जे आकर्षक 'विंडोज १२' दिसतं, ते डिझायनर मंडळींनी कल्पनेने बनवलेलं असतं.

अधिकृत माणसाचं बोलणंही शेवटचा शब्द नसतं. मे २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्याच जेरी निक्सन यांनी एका परिषदेत विंडोज १० ही विंडोजची शेवटची आवृत्ती आहे, असं म्हटलं होतं. कंपनीने तेव्हा ते ठामपणे खोडून काढलं नाही. जगभर अनेकांनी ते खरं धरलं. सहा वर्षांनी विंडोज ११ आलं.

उलटही घडतं. विंडोज ११ ची एक चाचणी आवृत्ती घोषणेच्या नऊ दिवस आधी, १५ जून २०२१ ला फुटली आणि ती खरी निघाली. म्हणजे प्रत्येक फुटलेली माहिती खोटी नसते. पण ती खरी की खोटी हे अधिकृत घोषणेनंतरच कळतं. तोवर तिच्या भरवशावर खिशात हात घालणं म्हणजे बाजारात तुरी असताना घरात वरणावरून भांडण.

सर्वांत जास्त फिरणारे दावे आणि वस्तुस्थिती

दावा पहिला: विंडोजसाठी दरमहा पैसे भरावे लागतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये चाचणी आवृत्तीच्या फाइलमध्ये 'सबस्क्रिप्शन एडिशन' असे शब्द सापडले आणि ही बातमी पसरली. ते शब्द उद्योगांतल्या खास यंत्रांसाठी असलेल्या विंडोजच्या प्रकाराशी संबंधित होते, घरच्या पीसीशी नव्हे. मायक्रोसॉफ्टची विंडोज ३६५ ही मासिक शुल्काची सेवा २०२१ पासून आहे, पण ती इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या कॉम्प्युटरची सेवा आहे आणि मुख्यतः कंपन्यांसाठी आहे. नावं सारखी असल्याने गोंधळ वाढतो.

दावा दुसरा: एआयची खास चिप नसेल तर नवं विंडोज चालणार नाही. याच्या मुळाशी 'कोपायलट प्लस पीसी' आहेत. २० मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टने कॉम्प्युटरचा हा नवा वर्ग जाहीर केला. त्यात एनपीयू नावाची, सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारी चिप, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण लागते. पण या अटी त्या वर्गातल्या खास सुविधांसाठी आहेत. साधं विंडोज ११ चालवायला एनपीयू लागत नाही. पुढच्या विंडोजला काय लागेल, हे जाहीर झालेलं नाही.

दावा तिसरा: विंडोज १० आता कधीही बंद पडेल. हे चूक आहे. विंडोज १० वर मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अ‍ॅपना सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत आणि एज ब्राउझरही किमान तोपर्यंत अपडेट होत राहील. मात्र त्याने खुद्द विंडोजमधल्या त्रुटी बुजत नाहीत.

दावा चौथा: अपडेट केलं की हार्डडिस्क उडते. ऑगस्ट २०२५ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटमुळे एसएसडी खराब होतात, अशी तक्रार जपानमधून सुरू होऊन जगभर पसरली. मायक्रोसॉफ्टने तपास करून अपडेट आणि बिघाड यांचा संबंध आढळला नसल्याचं सांगितलं. एसएसडीचे कंट्रोलर बनवणाऱ्या फायसन कंपनीने साडेचार हजार तासांहून अधिक चाचण्या केल्या. तिलाही तो बिघाड घडवून आणता आला नाही.

दावा पाचवा: सरकार विंडोज बंद करून स्वदेशी सिस्टीम सक्तीची करणार. ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने इंटरनेटला जोडलेल्या आपल्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी 'माया' ही उबुंटूवर आधारलेली सिस्टीम बसवायचं ठरवलं, अशी बातमी आली. ती त्या मंत्रालयापुरती होती. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्स सिस्टीम तर २००७ पासून उपलब्ध आहे. सामान्य नागरिकांवर यातली कशाचीही सक्ती नाही.

अपडेट थांबवण्याची किंमत

या पाच दाव्यांपैकी चौथा सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण तो ऐकून लोक अपडेट बंद करून टाकतात. त्याने काय होतं हे २०१७ मध्ये दिसलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला विंडोजमधली एक गंभीर त्रुटी दुरुस्त करणारं अपडेट दिलं. ते न घेतलेल्या कॉम्प्युटरवर १२ मेपासून 'वॉनाक्राय'चा हल्ला सुरू झाला. त्याने फाइल कुलूपबंद करून खंडणी मागितली. सुमारे दीडशे देशांत दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर त्यात सापडले.

दीड महिन्याने, २७ जून २०१७ ला आलेल्या 'नॉटपेट्या'नेही पसरण्यासाठी तीच त्रुटी वापरली. त्याचा फटका महाराष्ट्राला बसला. न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं आणि कंटेनर अडकून पडले.

सेवा केंद्राच्या किंवा दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये मालकापेक्षा इतरांची माहिती जास्त असते. आधार, सातबारा, बँक पासबुक, जातीचा दाखला, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका हे सगळं स्कॅन होऊन तिथे पडलेलं असतं. त्या माहितीची जबाबदारीही कॉम्प्युटरसोबतच येते.

वऱ्हाडात कोणाला काय अडचण येऊ शकते?

सेवा केंद्रं: खरिपाच्या तोंडावर पीकविम्याची गर्दी आणि दहावी-बारावीच्या निकालानंतर दाखल्यांची गर्दी असते. या काळात विंडोज बदलणं धोक्याचं. बोटांचे ठसे घेणारं यंत्र, स्कॅनर आणि प्रिंटर यांचे ड्रायव्हर विंडोज ११ साठी आहेत का, हे त्या-त्या कंपनीच्या वेबसाइटवर आधी पाहावं आणि बदल गर्दी नसलेल्या महिन्यात करावा. वीज जाण्याची शक्यता असेल तर मोठं अपडेट यूपीएसशिवाय सुरू करू नये. मध्येच वीज गेली तर विंडोज सुरू न होण्याचा धोका असतो.

डीटीपी आणि छपाई: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बॅनर यांचं बरंच काम अजून युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये चालतं. साधे ट्रू-टाइप फॉन्ट विंडोज ११ वरही बसतात. अडचण येते ती जुन्या सॉफ्टवेअरची. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. त्यावर १६-बिटचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत आणि ३२-बिटचे ड्रायव्हरही चालत नाहीत. जे सॉफ्टवेअर पाठीमागे लावलेल्या डोंगलशिवाय उघडत नाही, त्याच्या डोंगलचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, हे विकणाऱ्याला विचारून घ्यावं. मिळत नसेल तर जुना कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून फक्त त्या कामासाठी ठेवणं हा व्यवहार्य मार्ग आहे.

व्यापारी आणि अडते: हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर घेऊन, तो तिथून उघडून पाहिल्याशिवाय विंडोज बदलू नये. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखाच.

कॉलेज: अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या लॅबसाठी मुदतवाढीचा शैक्षणिक दर बराच कमी आहे. प्रत्येक कॉम्प्युटरमागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४. सर्वसाधारण कंपन्यांना पहिल्या वर्षी ६१ डॉलर मोजावे लागतात आणि दर पुढे दरवर्षी दुप्पट होतो.

आत्ता नेमकं काय करायचं?

सर्वांत आधी कॉम्प्युटर विंडोज ११ साठी पात्र आहे का ते पाहावं. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅप हे काम करतं. त्यासाठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागतं. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारी छोटी चिप किंवा प्रोसेसरमधलीच तशी सोय. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो. काही कॉम्प्युटरमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. असा कॉम्प्युटर 'अपात्र' दिसतो आणि मालक नवा घ्यायला निघतो. बायोसमधला एक पर्याय चालू केल्याने हा खर्च वाचू शकतो.

कॉम्प्युटर पात्र असेल तर विंडोज ११ वर जावं. अधिकृत विंडोज १० असलेल्यांना ते मोफत आहे. विंडोज १२ साठी थांबण्यात काही फायदा नाही.

पात्र नसेल आणि लगेच खर्च शक्य नसेल तर मुदतवाढ घ्यावी. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. पर्याय तीन: सेटिंग्जचा ऑनलाइन बॅकअप सुरू केला तर मोफत, रिवॉर्ड्सचे १,००० पॉइंट देऊन, किंवा ३० डॉलर इतकी रक्कम भरून. एका खात्यावर १० कॉम्प्युटर चालतात. संस्थेच्या डोमेनला जोडलेल्या कॉम्प्युटरना ही घरगुती योजना लागू नाही.

काम फक्त ब्राउझर, टायपिंग आणि व्हिडिओपुरतं असेल तर जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्सही चालतं आणि ते मोफत आहे. मात्र विंडोजसाठीचं हिशेबाचं किंवा ठसे घेण्याचं सॉफ्टवेअर त्यावर चालेलच असं नाही.

कॉम्प्युटर खरंच जीर्ण झाला असेल तर नवा घ्यायला हरकत नाही. दुकानदार 'हा विंडोज १२ रेडी आहे' म्हणत असेल तर त्या शब्दांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. जाहीर न झालेल्या गोष्टीच्या अटी कोणालाच ठाऊक नसतात.

'विंडोज १२ डाउनलोड' लिंकचं काय?

ती उघडू नये. विंडोज ११ च्या वेळी हेच घडलं होतं. जुलै २०२१ मध्ये कॅस्परस्की कंपनीने विंडोज ११ च्या नावाने फिरणाऱ्या, पावणेदोन जीबीच्या बनावट इन्स्टॉलरबद्दल इशारा दिला. आकार मोठा असल्याने तो खरा वाटायचा. जानेवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ सर्वांना देण्याचा शेवटचा टप्पा जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी हुबेहूब दिसणारी वेबसाइट नोंदवली. तिथून 'रेडलाइन' हा प्रोग्रॅम पसरवला जात असल्याचं एचपीच्या संशोधकांनी दाखवून दिलं. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड आणि कार्डचे तपशील चोरणं हे त्याचं काम.

विंडोज फक्त मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून किंवा सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधूनच घ्यावं. टेलिग्रामवरच्या फाइल आणि 'अ‍ॅक्टिव्हेटर' टाळावेत. अशा फाइलमुळे बँक खात्यातून पैसे गेले तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

नवं विंडोज खरंच आलं तर कसं कळेल?

मायक्रोसॉफ्ट स्वतः तारीख देऊन घोषणा करेल आणि सोबत लागणाऱ्या हार्डवेअरची यादीही देईल. नाव विंडोज १२ च असेल असंही नाही. २०१४ मध्ये सगळे विंडोज ९ ची वाट पाहत होते आणि कंपनीने थेट विंडोज १० जाहीर केलं.

घोषणा झाली तरी धावपळीचं कारण नसेल. विंडोज ११ घोषणेनंतर साडेतीन महिन्यांनी आलं आणि त्यानंतरही विंडोज १० ला चार वर्षं अपडेट मिळत राहिली. स्टॅटकाउंटरच्या आकड्यांनुसार विंडोज ११ चा वापर विंडोज १० पेक्षा जास्त झाला तो जुलै २०२५ मध्ये. म्हणजे जगालाही बदलायला जवळपास चार वर्षं लागली.

त्यामुळे विंडोज १२ ची पुढची पोस्ट आली की तीत घोषणेची तारीख आहे का आणि मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर ती दिसते का, एवढं पाहिलं तरी पुरे. ती दिसत नसेल तर पोस्ट पुढे पाठवू नये. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० चालवणाऱ्यांनी तूर्त लक्षात ठेवायची तारीख एकच: १३ ऑक्टोबर २०२६.